बाहेरचे कामगार आले की स्थानिकांच्या मजुरीचं काय होतं?

"बाहेरून माणसं येतात, निम्म्या पैशांत राबायला तयार होतात आणि इथल्यांच्या हातचं काम जातं." कुठल्याही देशातली निवडणूक घ्या, हे वाक्य या ना त्या रूपात कानावर पडतंच. त्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं: "इथल्यांना नको असलेली कामं ती माणसं करतात, त्यामुळे कुणाचंच काही बिघडत नाही." अर्थशास्त्रज्ञ गेली चाळीसेक वर्षं या दोन्ही दाव्यांची आकडेवारीवर पारख करत आहेत. पहिला दावा बहुतेक ठिकाणी टिकत नाही. पण दुसराही मला तितकाच बेफिकीर वाटतो. ज्यांचं खरोखर नुकसान होतं अशी माणसं असतात, आणि ती बहुधा आधीपासूनच तळाशी असतात. "काही बिघडत नाही" हे नेमकं त्यांनाच सांगितलं जातं.

आधी पहिल्या दाव्यामागचं गणित पाहू. माल वाढला की भाव पडतो, तसे मजूर वाढले की मजुरी पडते. हे चूक नाही, अपुरं आहे. येणारा माणूस नुसते दोन हात घेऊन येत नाही, पोटही घेऊन येतो. तो घर भाड्याने घेतो, किराणा भरतो, केस कापून घेतो, मुलांना शाळेत घालतो, आजारी पडला की दवाखान्यात जातो. या सगळ्या ठिकाणी कुणाला तरी काम मिळतं. म्हणजे मजुरांचा पुरवठा वाढतो, तशी त्यांची मागणीही वाढते. देशात कामं मोजकीच असती आणि एकाने घेतलं की दुसऱ्याचं जात असतं, तर विसाव्या शतकात लाखो बायका घराबाहेर पडून नोकरी करू लागल्या तेव्हा तितकेच पुरुष कायमचे बेकार व्हायला हवे होते. तसं झालं नाही.

या गणितात आणखी एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे भांडवल. मजूर वाढले आणि यंत्रं, गाळे, गाड्या तेवढ्याच राहिल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी साधनं येतात आणि मजुरी दबते. पण काम करायला माणसं मिळत आहेत हे दिसलं की गुंतवणूक करणारेही पुढे येतात आणि काही वर्षांत साधनं पुन्हा माणसांच्या प्रमाणात वाढतात. म्हणून पहिल्या वर्षी दिसणारा परिणाम आणि दहा वर्षांनी दिसणारा परिणाम यांत बरंच अंतर असतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते: कोण कुणाशी स्पर्धा करतो. इमारतीच्या कामावर बिगारी मिळत नसतील, तर गवंड्याचा निम्मा दिवस विटा आणि सिमेंट वाहण्यात जातो. बिगारी आले की गवंडी भिंत बांधत राहतो. काम लवकर उरकतं, कंत्राटदार आणखी एक काम घेतो आणि त्याला आणखी गवंडी, सुतार, वायरमन, हिशेब ठेवणारा लागतो. नवा बिगारी गवंड्याच्या पोटावर पाय देत नाही, उलट त्याच्या हाताला काम देतो. मात्र तिथे आधीपासून राबणाऱ्या बिगाऱ्याशी त्याची थेट स्पर्धा असते. गवंडीही स्थानिक आणि जुना बिगारीही स्थानिक. मग "स्थानिकांवर काय परिणाम होतो?" या प्रश्नाला एकच उत्तर कसं असेल?

मोजायचं कसं?

वरवर पाहता सोपं वाटतं. ज्या शहरांत स्थलांतरित जास्त आहेत तिथली मजुरी आणि जिथे कमी आहेत तिथली मजुरी शेजारी ठेवायची. पण स्थलांतरित आंधळेपणाने शहर निवडत नाहीत. जिथे काम आहे, मजुरी वाढते आहे, तिथेच ते जातात. त्यामुळे भरभराटीच्या शहरांत स्थलांतरित जास्त दिसणारच, आणि त्यांच्यामुळेच मजुरी वाढली असा उलटा भास होईल. शिवाय स्पर्धा वाढली म्हणून काही स्थानिक दुसऱ्या गावी निघून गेले, तर त्यांचं नुकसान त्या शहराच्या आकड्यांत उमटतच नाही.

म्हणून अभ्यासक अशा घटना शोधतात, जिथे माणसं मजुरी पाहून नव्हे तर राजकारणामुळे, अचानक आली. अशी सर्वांत गाजलेली घटना 1980 सालची. क्यूबाच्या सरकारने मारिएल हे बंदर देश सोडू इच्छिणाऱ्यांसाठी खुलं केलं आणि एप्रिल ते ऑक्टोबर या काही महिन्यांत सुमारे 1,25,000 माणसं बोटींतून अमेरिकेत पोचली. त्यांतली निम्मी मायामीत राहिली. शहरातली कामकरी लोकसंख्या एकदम 7 टक्क्यांनी वाढली, आणि आलेल्यांत बहुतेक कमी शिकलेले होते. मजुरी कोसळायची असेल तर ती इथे कोसळायला हवी होती.

डेव्हिड कार्ड यांनी मायामीची तुलना अटलांटा, ह्यूस्टन, लॉस एंजेलिस आणि टॅम्पा या शहरांशी केली. 1990 साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात मायामीतल्या कमी कुशल कामगारांच्या मजुरीवर किंवा बेरोजगारीवर जवळजवळ काहीच परिणाम आढळला नाही. अनेकांना हा निष्कर्ष पचला नाही. त्यांतले एक जॉर्ज बोर्हास, हे स्वतः लहानपणी क्यूबातून अमेरिकेत आलेले अर्थशास्त्रज्ञ. त्यांनी 2017 साली तीच आकडेवारी पुन्हा उघडली. कार्ड यांनी पाहिलेला गट फार मोठा आहे, खरी स्पर्धा शाळाही पूर्ण न केलेल्या पुरुषांशी होती, असा त्यांचा मुद्दा होता. त्या छोट्या गटात त्यांना मजुरी 10 ते 30 टक्क्यांनी घसरलेली दिसली.

वाद इथे संपला नाही. जोवान्नी पेरी आणि वासिल यासेनोव्ह यांनी दाखवलं की बोर्हास यांनी बायका आणि इतर काही गट वगळल्यामुळे हाती उरलेली माणसं फारच थोडी होती. त्यांना परत मोजणीत घेतलं की ती घसरण दिसेनाशी होते. मायकल क्लेमेन्स आणि जेनिफर हंट यांनी आणखी एक गोष्ट शोधून काढली. नेमक्या त्याच सुमारास सरकारी पाहणीत कृष्णवर्णीय पुरुषांची नोंद अधिक होऊ लागली होती. या पुरुषांची मजुरी आधीपासूनच कमी होती, त्यामुळे त्यांची संख्या वाढताच गटाची सरासरी खाली आली. त्या घसरणीचा मोठा भाग माणसांच्या मजुरीत नसून नमुन्याच्या बदलात होता. एका शहराच्या एका घटनेवर इतकी वर्षं वाद चालला, हे मला या विषयाचं बलस्थान वाटतं. आवडीचा निष्कर्ष सापडला की तिथेच थांबायचं नाही, ही शिस्त या वादाने घालून दिली.

अशा इतर घटनांतही साधारण असंच दिसलं. 1962 साली अल्जीरिया स्वतंत्र झाला आणि सुमारे 9 लाख माणसं फ्रान्सला परतली. तिथल्या बेरोजगारीवर आणि मजुरीवरचा परिणाम होता, पण किरकोळ. सोव्हिएत संघ कोसळत असताना आलेल्या लोंढ्याने 1990 ते 1994 या काळात इस्राएलची लोकसंख्या 12 टक्क्यांनी वाढली. तिथेही स्थानिकांच्या मजुरीला ठळक धक्का बसलेला आढळला नाही.

जर्मनीच्या सीमेवर मात्र वेगळं घडलं

1991 साली जर्मनीने चेक कामगारांसाठी एक योजना आणली. सीमेलगतच्या पट्ट्यात त्यांनी काम करावं, पण राहायला परत आपल्या देशात जावं. सीमेच्या अगदी जवळच्या काही भागांत थोड्याच काळात एकूण रोजगारातला जवळपास दहावा हिस्सा चेक कामगारांचा झाला. क्रिस्टियान डुस्टमान, उटा श्योनबर्ग आणि यान श्टुलर यांनी सामाजिक विम्याच्या नोंदी घेऊन याचा अभ्यास केला. स्थानिकांची मजुरी थोडीशीच उतरली होती, पण त्यांचा रोजगार चांगलाच घटला होता. चेक कामगारांचं प्रमाण जितकं वाढलं, जवळजवळ तितकाच स्थानिकांचा रोजगार कमी झाला.

इथे असं का व्हावं? कारण या योजनेत हात आले, पण पोट सीमेपलीकडेच राहिलं. चेक कामगार पगार जर्मनीत घेत आणि खर्च मायदेशी करत. भाडं तिकडे, किराणा तिकडे, मुलांची शाळा तिकडे. मजुरांचा पुरवठा वाढला, मागणी जवळपास होती तिथेच राहिली. पहिल्या दाव्यातलं ते अपुरं गणित इथे जवळजवळ पूर्ण लागू पडलं. आपल्याकडे पाहुणे कामगार हवेत पण त्यांनी इथे घर करू नये, असं म्हणणाऱ्या राजकारण्यांनी हा अभ्यास नीट वाचायला हवा. माणसाला फक्त राबण्यापुरतं आत घेतलं, तर स्थानिक कामगाराला त्याचा सर्वाधिक तोटा सोसावा लागू शकतो.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. रोजगार घटला तो मुख्यतः लोकांना कामावरून काढल्यामुळे नाही, तर नवे स्थानिक कामावर घेतले न गेल्यामुळे. नोकरी गेलेला माणूस दिसतो, त्याची बातमी होते. कधी बोलावणंच न आलेला माणूस कुणाच्या नजरेस पडत नाही. "एकालाही काढलं नाही" असं एखादा मालक प्रामाणिकपणे सांगू शकतो, आणि तरीही त्या भागातल्या माणसांच्या वाट्याला आलेल्या संधी आटलेल्या असू शकतात.

हाकललं तर मजुरी वाढते का?

हा प्रयोगही प्रत्यक्षात झाला आहे. 1942 पासून मेक्सिकोतले शेतमजूर ठरावीक मुदतीसाठी अमेरिकेत आणण्याची ब्रासेरो नावाची सरकारी योजना होती. परक्या मजुरांमुळे आपल्या शेतमजुरांची मजुरी दबते, अशी तक्रार वाढली आणि 1964 अखेर ती योजना बंद झाली. सुमारे पाच लाख हंगामी मजुरांची वाट बंद झाली. आता शेतमालकांना मजुरी वाढवून स्थानिकांना बोलवावं लागेल, अशी अपेक्षा होती.

मायकल क्लेमेन्स, एथन लुईस आणि हॅना पोस्टेल यांनी पुढे त्या काळच्या राज्यवार नोंदी तपासल्या. ज्या राज्यांत ब्रासेरो मजूर खूप होते तिथली शेतमजुरी, आणि जिथे ते जवळजवळ नव्हतेच तिथली शेतमजुरी, यांत योजना बंद झाल्यावर फरक पडलेला दिसत नाही. स्थानिकांचा रोजगारही वाढला नाही. शेतमालकांनी दुसराच रस्ता धरला. टोमॅटो तोडणारं यंत्र तयार होतं, ते त्यांनी झपाट्याने घेतलं. यंत्राचा मार सोसतील अशा टणक टोमॅटोचं वाणही विकसित झालं होतं. स्ट्रॉबेरी, लेट्यूस यांसारख्या ज्या पिकांसाठी तसं यंत्र नव्हतं, त्यांचं उत्पादनच घटलं. मजूर गेले, पण त्यांची जागा स्थानिकांना मिळाली नाही. कुठे ती यंत्राने घेतली, तर कुठे ते कामच बंद पडलं.

अलीकडच्या काळातलंही उदाहरण आहे. 2008 पासून अमेरिकेत पोलिसांनी पकडलेल्या प्रत्येकाच्या बोटांचे ठसे स्थलांतर खात्याकडे पडताळण्याची मोहीम जिल्ह्याजिल्ह्यांत सुरू झाली. काही वर्षांत चार लाखांहून अधिक माणसं देशाबाहेर गेली. ही मोहीम जिथे लागू झाली, तिथे अमेरिकेत जन्मलेल्यांचा रोजगारही थोडा घटला, असं नंतरच्या अभ्यासात आढळलं. बिगारी गेला की गवंड्याचंही काम अडतं, आणि गेलेल्यांचा खर्च थांबला की दुकानदाराचा गल्लाही हलका होतो.

मग तोटा कुणाचा?

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने 2016 साली या विषयावरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. दहा वर्षं किंवा त्याहून मोठा काळ धरला, तर स्थानिकांच्या एकूण मजुरीवरचा परिणाम फारच छोटा आहे. जिथे मजुरी घटल्याचं आढळतं, तिथे फटका आधी आलेल्या स्थलांतरितांना सर्वांत जास्त बसतो, आणि त्यानंतर शाळा अर्धवट सोडलेल्या स्थानिकांना. नव्याने येणारा माणूस ज्याच्याशी अगदी तंतोतंत मिळताजुळता असतो, तो काही वर्षांपूर्वी तसाच आलेला माणूस. त्याचं कौशल्य तेच असतं, भाषेची अडचण तीच असते आणि कामंही तीच असतात.

ब्रिटनमधलं चित्र याहून विचित्र आहे. 1997 ते 2005 या काळात तिथे आलेले स्थलांतरित सरासरीने स्थानिकांपेक्षा जास्त शिकलेले होते. म्हणजे स्पर्धा वरच्या पगारांत व्हायला हवी. पण मजुरीचा तोटा झाला तो सर्वांत कमी कमावणाऱ्या पाचव्या हिश्श्याला, आणि वरच्या थरांना उलट फायदा झाला. याचं कारण असं की बाहेरच्या पदवीला मान्यता नाही, भाषा कच्ची, ओळखीपाळखी नाहीत, म्हणून पदवीधर माणूसही येऊन आधी गोदामात किंवा हॉटेलच्या मोरीवर लागतो. म्हणजे कमी शिकलेल्या स्थानिकाला पदवीधराशी चुरस करावी लागते. बाहेरच्या पदव्या लवकर तपासून मान्य केल्या, तर ही कोंडी बरीच सुटेल. त्याचा लाभ स्थलांतरिताइतकाच तळाच्या स्थानिकालाही होईल, हे सहसा कुणी त्या स्थानिकाला सांगत नाही.

तोटा फक्त कमी शिकलेल्यांनाच होतो असंही नाही. सोव्हिएत संघ फुटल्यावर तिथले नावाजलेले गणितज्ञ अमेरिकेत आले. ते ज्या शाखांत पारंगत होते, त्याच शाखांतल्या अमेरिकी गणितज्ञांचे प्रसिद्ध होणारे शोधनिबंध घटले. विद्यापीठांतल्या जागा मोजक्या असतात, त्या झटपट वाढत नाहीत. जिथे जागांना असं कुंपण असतं, तिथे एक आला की दुसऱ्याला सरकावं लागतं, मग तो बिगारी असो की प्राध्यापक.

सरकायला जागा असेल तर मात्र चित्र पालटतं. डेन्मार्कने 1986 ते 1998 या काळात निर्वासितांना देशभरातल्या वेगवेगळ्या गावांत वाटून वसवलं. गाव त्यांनी निवडलं नव्हतं, सरकारने दिलं होतं. त्यामुळे तुलना विश्वासार्ह होते. मेटे फोगेड आणि जोवान्नी पेरी यांना दिसलं की निर्वासित अंगमेहनतीच्या कामांत शिरले, तसे कमी शिकलेले डॅनिश कामगार हळूहळू बोलण्याच्या, लोकांशी संबंध येणाऱ्या, देखरेखीच्या कामांकडे सरकले आणि त्यांची मजुरी वाढली. स्थानिकाची भाषा हे त्याचं भांडवल असतं, आणि स्थलांतरित आल्यावर त्याची किंमत वाढते. पण हा लाभ ठळकपणे दिसला तो तरुण आणि नोकरीत फार वर्षं न झालेल्या कामगारांमध्ये. तीस वर्षं एकच काम केलेल्या माणसाला "आता दुसरं शिक" असं सांगणं सोपं आहे. त्याच्यासाठी ते करणं सोपं नाही.

कागद कुणाच्या हातात?

या सगळ्यात नियमांचा वाटा किती मोठा आहे, याकडे हवं तितकं लक्ष जात नाही. स्थलांतरित कमी पैशांत का राबतो? बहुतेक वेळा त्याला कमी पैसे आवडतात म्हणून नाही, तर तो नाही म्हणू शकत नाही म्हणून. त्याचा परवाना एकाच मालकाशी बांधलेला असतो, किंवा त्याच्याकडे कागदच नसतात. संयुक्त अरब अमिरातीने 2011 साली नियम बदलला आणि करार संपल्यावर जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे नोकरी धरण्याची मुभा दिली. ज्यांचे करार त्यानंतर संपले त्यांची कमाई सुमारे 10 टक्क्यांनी वाढली. कामगार तेच होते, काम तेच होतं. बदललं होतं ते फक्त सोडून जाण्याचं स्वातंत्र्य.

स्थानिक कामगारासाठी याचा अर्थ सरळ आहे. त्याची खरी स्पर्धा बाहेरच्या माणसाशी कमी आणि त्या माणसाच्या असहायतेशी जास्त असते. कागद नसलेला माणूस किमान वेतनाची तक्रार करत नाही, जादा तासांचे पैसे मागत नाही, युनियनमध्ये येत नाही. मालकाला तोच सोयीचा वाटतो.

तुर्कस्तान आणि कोलंबिया यांची तुलना इथे उपयोगी पडते. सिरियातल्या युद्धामुळे तुर्कस्तानात लाखो निर्वासित आले, पण जानेवारी 2016 पर्यंत त्यांना कामाचा परवाना मिळण्याची वाट जवळजवळ बंदच होती. साहजिकच ते नोंद नसलेल्या, करार नसलेल्या कामांत शिरले. तिथून तुर्की कामगार बाहेर ढकलले गेले, विशेषतः बायका आणि कमी शिकलेले. त्याच वेळी नोंदणीकृत नोकऱ्या थोड्या वाढल्या, पण त्या मुख्यतः पुरुषांना मिळाल्या. आणि स्वस्त मजुरीवर चालणाऱ्या वस्तू-सेवांचे भाव उतरल्याने ग्राहकांचा फायदा झाला. एकाच घटनेत एका घरातल्या बाईचं काम गेलं, शेजारच्या घरातल्या पुरुषाला पक्की नोकरी मिळाली आणि तिसऱ्या घराचा खर्च कमी झाला. सरासरी काढली की या तिन्ही घरांचं मिळून "फारसा फरक नाही" असं उत्तर येतं.

कोलंबियाने वेगळा मार्ग घेतला. 2018 साली तिथल्या सरकारने कागद नसलेल्या व्हेनेझुएलन स्थलांतरितांची नोंदणी केली आणि चार लाखांहून अधिक जणांना कामाच्या हक्कासह राहण्याचा परवाना देऊ केला. यामुळे कोलंबियन लोकांच्या नोकऱ्या जातील, अशी भीती तेव्हाही बोलून दाखवली गेली. दाना बहार, आना मारिया इबान्येस आणि सान्द्रा रोसो यांनी त्यानंतरची आकडेवारी तपासली, तेव्हा कोलंबियन कामगारांच्या नोंदणीकृत रोजगारावर या परवान्यांचा झालेला परिणाम जवळजवळ शून्य निघाला.